सगळं सांगू, की थोडक्यात?

समोरच्या खुर्चीत नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी नाव विचारलं, इयत्ता विचारली, आणि पुढचं कसं विचारावं याची मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्यानंच विचारलं, "सगळं सांगू, की थोडक्यात?"

आवाजात तक्रार नव्हती की रडू नव्हतं. कंडक्टर "कुठं?" म्हणून विचारतो, तितक्या सहज. मी म्हटलं, "तुला जमेल तसं." हे उत्तर काही त्याच्या पसंतीला उतरलं नाही. "मागच्या मॅडमना थोडक्यात चालायचं," तो म्हणाला, "त्यांच्या आधीच्या सरांना सगळं लागायचं." मग त्यानं सुरुवात केली आणि पाठ असलेल्या कवितेसारखं सांगत सुटला. घर, आई, आईनंतर घरात आलेली माणसं, मार, शेजाऱ्यांनी केलेला फोन. मधेच एका जागी थांबला आणि माझ्या हाताकडे बघायला लागला.

"काय झालं?"

"इथं सगळे लिहून घेतात. तुम्ही लिहिलं नाही."

मी मुकाट्यानं लिहिलं. तो पुढं सुरू झाला.

त्याची फाईल मी नंतर वाचली. खरं तर आधी वाचायला हवी होती, पण बालकल्याण खात्याच्या त्या कामावर रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. फाईल जाडजूड. साडेतीन वर्षांत पाच हस्ताक्षरं. जन्मतारखा दोन, आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे पाचही जणांनी सुरुवात पहिल्यापासून केली होती. 'सदर बालकाशी चर्चा केली असता त्याने सांगितले की', हे वाक्य पाच वेळा, आणि त्याच्या खाली तीच हकिगत, थोडी मागेपुढे. मी सहावी. त्या साडेतीन वर्षांत ते खातं दोनदा सुधारलं होतं. पाटी बदलली, नमुने बदलले, योजनेचं नाव बदललं, एक प्रशिक्षण झालं. मुलाच्या बाजूनं बघितलं, तर दोन्ही वेळा घडलं एवढंच, की समोरचं माणूस बदललं.

तेव्हापासून बालकल्याणाच्या सुधारणांबद्दल काही वाचलं, की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. यानंतर मुलाला आपली गोष्ट किती जणांना सांगावी लागणार? हा प्रश्न जरा एककल्ली आहे, मला ठाऊक आहे. निधी, कायदे, मनुष्यबळ, सगळं महत्त्वाचंच. पण मी या प्रश्नाची मोजपट्टी घेऊन या विषयाचा इतिहास वाचत गेले आणि ती दर वेळी काहीतरी दाखवत गेली.

इंग्लंडचंच बघा. या बाबतीत त्यांच्याइतका कागद क्वचितच कोणी केला असेल. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशर परगण्यातल्या एका आडबाजूच्या शेतावर डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा मेला. उपासमार आणि मारहाण. तो सरकारी ताब्यातला मुलगा होता. न्यूपोर्टच्या पालिकेनं त्याला सांभाळायला म्हणून त्या शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. पालिका एकीकडे, शेत दुसऱ्याच परगण्यात, आणि लक्ष नेमकं कोणी ठेवायचं याचा घोळ. महायुद्ध सुरू असतानाही या एका मुलाच्या मृत्यूनं तो देश हादरला. चौकशी झाली, पाठोपाठ घराविना वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाची पाहणी करणाऱ्या कर्टिस समितीचा अहवाल आला, आणि १९४८ च्या कायद्यानं प्रत्येक स्थानिक प्रशासनात मुलांसाठी स्वतंत्र समिती आणि स्वतंत्र अधिकारी आला. हा अधिकारी मुलांना व्यक्तिशः ओळखणारा असावा, अशी त्यामागची कल्पना होती. मला ती फार आवडते. सरकारी कागदात 'ओळखणे' हे क्रियापद एरवी फक्त ओळखपत्रापुरतं येतं.

ही रचना तेवीस वर्षं टिकली. मग लोकांच्या लक्षात आलं, की एका घरात आजोबांसाठी एक अधिकारी येतो, अपंग काकांसाठी दुसरा आणि मुलांसाठी तिसरा. म्हणून १९७० चा कायदा झाला आणि १९७१ पासून सगळं एका छत्राखाली आलं. विचार चुकीचा नव्हता. पण १९७३ च्या जानेवारीत ब्रायटनमध्ये मारिया कोलवेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारानं गेली. शेजारी, शाळा, अधिकारी, प्रत्येकाला थोडंथोडं माहीत होतं, पण सगळं मिळून कुणालाच माहीत नव्हतं. पुन्हा चौकशी. धोक्यातल्या मुलांच्या नोंदवह्या आल्या, सगळ्या खात्यांनी एकत्र बसायच्या बैठका आल्या. आणि २००४ मध्ये, आणखी एका मुलीनंतर, मोठ्यांच्या आणि मुलांच्या सेवा पुन्हा वेगळ्या करण्यात आल्या. थोडक्यात काय, तर आधी वेगळं केलं, मग एकत्र केलं, मग परत वेगळं केलं. दर वेळी कारणं रास्त होती.

ती आणखी एक मुलगी म्हणजे व्हिक्टोरिया क्लिंबिए. आयव्हरी कोस्टमधल्या आईवडिलांनी चांगलं शिक्षण मिळेल या आशेनं तिला एका नातेवाईक बाईबरोबर युरोपात पाठवलं. लंडनमध्ये ती एक वर्षसुद्धा जगली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये, आठ वर्षांची असताना, ती गेली, तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा होत्या. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीत दिसलं, की तिला वाचवता येईल असे बारा प्रसंग हातातून निसटले होते. चार प्रशासनांची समाजसेवा खाती, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं, दोन इस्पितळं, सगळ्यांशी तिचा संबंध आला होता. २००३ च्या त्या अहवालात १०८ शिफारशी आहेत. पण माझ्या मनातून जात नाही ती एक साधी नोंद. तिची जबाबदारी असलेल्या कार्यकर्तीची आणि तिची भेट चार वेळा झाली, आणि चारही भेटी मिळून त्यांच्यात अर्धा ताससुद्धा गेला नाही. माझ्यासमोरच्या त्या मुलाला आपली गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागली. व्हिक्टोरियाला ती एकदाही कोणी नीट विचारली नाही. दोन्हींमध्ये वाटतो तितका फरक नाही. पुन्हापुन्हा विचारणाऱ्यालासुद्धा अखेर उत्तर नको असतं, रकाना भरायला हवा असतो.

एवढ्या सगळ्यातून इंग्लंडच्या सरकारनं काय केलं, तर एक संगणकप्रणाली उभारली. देशातल्या अठरा वर्षांखालच्या सगळ्या, म्हणजे सुमारे एक कोटी दहा लाख मुलांची नोंद आणि प्रत्येकाशी कोणकोणत्या खात्याचा संबंध आला याची माहिती एका जागी. २००९ मध्ये ती सुरू झाली आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारनं बंद करून टाकली. हे वाचून मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण संगणकावरचा माझा विश्वास त्यांच्यापेक्षा कमी नव्हता. सगळी माहिती एका पडद्यावर आली, की पाच हस्ताक्षरांचा घोळ संपेल, असं मलाही वाटायचं. पण पडद्यावर दिसतं ते कोण कोण भेटलं. भेटीत काय झालं ते भेटलेल्या माणसाबरोबर निघून जातं.

२०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी त्याच व्यवस्थेचा पुन्हा आढावा घेतला आणि बऱ्याच जणांच्या मनातलं सरळ लिहून टाकलं. एकामागून एक सुधारणा होत गेल्या आणि काम नियमाप्रमाणे झालं का हे बघणारी यंत्रणा तयार झाली. मुलाला त्याचा उपयोग झाला का, हे बघणं मागे पडलं. कार्यकर्त्यांचा वेळ मुलांपेक्षा कागदांत जायला लागला. मी हे वाचत होते तेव्हा माझ्या टेबलावर त्रैमासिक अहवालाचा नमुना पडला होता. त्यात मुलाच्या कुटुंबाच्या मालमत्तेसाठी जवळपास अर्धं पान होतं. 'बालकाचे मत' या रकान्याला दीड ओळ.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करारनामा स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात मुलाला आपल्याबद्दलच्या निर्णयांत मत मांडण्याचा आणि त्या मताला वयानुसार वजन मिळण्याचा हक्क दिला आहे. भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला. अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी मान्य केला. दीड ओळीत तो हक्क पुरा होतो की नाही, हे करारनाम्यात दिलेलं नाही.

अमेरिकेवरून आठवलं. तिथल्या बालसंरक्षणाची कुळकथा १८७४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. मेरी एलन विल्सन या लहान मुलीला सांभाळणारी बाई तिला रोज मारत असे. एटा व्हीलर नावाच्या, वस्तीत फिरून काम करणाऱ्या बाईला हे कळलं. दाद मागायला जागा सापडेना, तेव्हा ती प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. मुलीला म्हणे 'प्राणी' ठरवून वाचवलं, अशी दंतकथा पुढं रूढ झाली. भाषणात टाळ्या घेणारी गोष्ट आहे, पण तसं झालं नव्हतं. बर्ग यांनी मदत केली, त्यांच्या वकिलानं माणसांसाठीच्याच कायद्यातून वाट काढली, आणि त्यातून पुढं मुलांसाठीची स्वतंत्र संस्था उभी राहिली. दंतकथेच्या गडबडीत खरी गोष्ट मागे राहते. मेरी एलनला सुटकेनंतर संस्थेत ठेवलं गेलं, ते व्हीलरबाईंना पटलं नाही. त्यांनी तिला आपल्याच माहेरी नेलं. आधी आई आणि मग बहीण, असं तिला व्हीलरबाईंच्याच घरच्यांनी वाढवलं. मेरी एलन नव्वदी ओलांडून, १९५६ मध्ये वारली. दार ठोठावणारी बाई आणि शेवटपर्यंत नजर ठेवणारी बाई एकच होती. पुढच्या दीडशे वर्षांत आपण या दोन कामांची सोळा पदं केली.

आता कोणी म्हणेल, सगळ्याच बायका एटा व्हीलर नसतात आणि व्यवस्था देवमाणसांच्या भरवशावर चालवता येत नाही. कबूल. एकाच माणसाच्या हातात मुलाचं सगळं दिलं, की काय होतं याचीही उदाहरणं कमी नाहीत. न्यूझीलंडच्या शाही आयोगाचा अहवाल जुलै २०२४ मध्ये आला. १९५० पासूनच्या काळात सरकारच्या आणि धर्मसंस्थांच्या छत्राखाली सुमारे दोन लाख मुलं, तरुण आणि परावलंबी प्रौढ छळाला बळी पडले, असा त्याचा अंदाज आहे. नोव्हेंबरात पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ऑस्ट्रेलियात तर आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडणं हेच कित्येक दशकं 'कल्याण' होतं. तिथली माफी २००८ ची. तेव्हा तपासणी हवी, दुसरी नजर हवी, मुदत हवी. आपल्याकडे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या, बाल न्याय अधिनियमाखालच्या बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि त्यांची नेमणूक एका वेळी तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. यामागे शहाणपण आहे. एकच माणूस वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटला, की काय होतं ते आपण बघतोच. फक्त एवढंच, की नऊ वर्षांच्या पोरासाठी तीन वर्षं म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा.

न्यूझीलंडनंच १९८९ मध्ये एक वेगळी गोष्ट करून पाहिली होती. तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातून दबाव आला, की आमच्या मुलांचे निर्णय तुमचे साहेब बंद दाराआड घेतात, ते चालणार नाही. कायदा बदलला आणि कुटुंबाची बैठक बोलावणं बंधनकारक झालं. आजी, मामा, आत्या, चुलत भावंडं, सगळ्यांना बोलवायचं. अधिकाऱ्यानं आपल्याकडची माहिती सांगायची, शंकांना उत्तरं द्यायची, आणि मग खोलीतून बाहेर जायचं. कुटुंब आपापसात बोलतं आणि मुलासाठी बेत आखतं. साहेबानं खोलीबाहेर जायचं, हे कायद्यात लिहिलेली सुधारणा मला दुसरी माहीत नाही. तिथंही सगळं सोन्यासारखं झालं असं नाही. बैठका उरकल्या गेल्या, मुलं घरातून उचललीही गेली, आणि २०१७ मध्ये नवं मंत्रालय उभारावं लागलं. तरी ही कल्पना पुढं अनेक देशांनी उचलली, कारण तिच्यात मुलाला आधीपासून ओळखणारी माणसं धरली आहेत. आत्याला पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

माणूस टिकला नाही, की काय होतं, हे रुमानियात मोजून पाहिलेलं आहे. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत गर्भपातावर बंदी होती, आणि ती राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा अनाथालयं मुलांनी भरलेली सापडली. जेवण, पलंग, छप्पर होतं. नव्हतं ते रोजचं एक माणूस. सांभाळणाऱ्या बायका पाळीप्रमाणे बदलत. २००० च्या सुमाराला बुखारेस्टमध्ये संशोधकांनी १३६ लहान मुलांचा अभ्यास हाती घेतला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांत गेली, बाकीची संस्थेतल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि दोन वर्षांची होण्याआधी गेलेली जास्त सावरली. २००४ मध्ये रुमानियानं दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवायला कायद्यानं बंदी केली. या प्रयोगाच्या नैतिकतेवर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला राहिलेल्या मुलांचा विचार करून माझ्या पोटात अजून कालवतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत केंद्राचा बराचसा निधी मूल घरातून काढल्यानंतरच्या सांभाळासाठी मिळायचा. घर टिकवायला, म्हणजे आईच्या व्यसनमुक्तीला किंवा समुपदेशनाला तो वापरण्याची वाट २०१८ च्या कायद्यानं मोकळी केली. मूल उचलल्यावर पैसे मिळणार असतील, तर मूल उचललं जातं. हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

भाषेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. स्कॉटलंडनं २०१७ ते २०२० या काळात आपल्या सगळ्या बालसंगोपन व्यवस्थेचा आढावा घेतला. साडेपाच हजारांहून जास्त लोकांचं ऐकलं, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जण त्या व्यवस्थेचा अनुभव घेतलेली मुलं, तरुण, मोठी माणसं किंवा कुटुंबं होती. त्यातून जे निघालं त्यात एक मागणी शब्दांची होती. आमच्याबद्दल कार्यालयातल्या शब्दांत बोलू नका. मला आमचे शब्द आठवले. आमच्याकडे मुलाची 'ताबा पावती' होते. टेबलाचीही तीच होते. मुलाचं 'हस्तांतरण' होतं, त्याचं 'प्रकरण निकाली' निघतं, आणि आई भेटायला आली, की वहीत 'अभ्यागत' म्हणून सही करते. यातला एकही शब्द दुष्ट माणसानं शोधलेला नाही. घाईतल्या माणसानं हाताला लागला तो वापरला, एवढंच. पण मी एकदा त्या मुलाला विचारलं होतं, की पुढच्या आठवड्यात काय आहे? तो म्हणाला, "माझं हस्तांतरण आहे." 'मी दुसरीकडे जाणार आहे' असं नाही म्हणाला.

आता माझ्याबद्दल. इतरांच्या हस्ताक्षरांवर एवढं बोलले, तेव्हा हेही सांगायला हवं, की मी त्या कामावर दीड वर्ष टिकले. अकरा महिन्यांचा करार, त्यात एकदा वाढ, पगार तीन-तीन महिने उशिरा, हाताखाली माणसानं सांभाळावीत त्याच्या दुपटीनं मुलं. घरची कारणंही होती. कारणं सगळ्यांकडे असतात. आधीच्या पाच जणांकडेही असणार, हे मला काम सोडताना कळलं. फाईलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीनं 'ऐकणारे : ६' असं लिहून ठेवलं होतं. वरिष्ठांनी एकदा विचारलं, "हे कुठल्या नमुन्यात आहे?" कुठल्याच नव्हतं.

जायच्या आधी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "नवीन मॅडमना सगळं लागतं का थोडक्यात?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

चार्ज देताना मी ठरलेला नमुना भरला, आणि एक साधा कागद वेगळा जोडला. त्यावर नमुन्यात न बसणारं लिहिलं. याला दार लावून घेतलेलं चालत नाही. हा 'घरी' म्हणतो तेव्हा आजीचं घर म्हणतो, आईचं नाही. गणितात मागे नाही, फळ्यावरचं दिसत नाही, चष्म्याचं बघा. हा चपला उशाखाली घेऊन झोपतो. ओरडू नका. दुसऱ्या वेळी त्याला रात्री हलवलं तेव्हा चपला तिथंच राहिल्या होत्या आणि तो अनवाणी गेला होता.

वर्षभरानं कळलं, की त्या कार्यालयातल्या जुन्या फायली संगणकावर चढवल्या. ठरलेल्या नमुन्यातली पानं स्कॅन झाली. सुटे कागद गठ्ठ्यात गेले आणि गठ्ठे वर माळ्यावर. ही त्या खात्याची तिसरी सुधारणा. चौकशी करून काही उपयोग नव्हता आणि मीही केली नाही.

नंतर एका दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. आवाज तरुण होता आणि थोडा बिचकलेला. "मॅडम, तुम्ही मला ओळखत नाही. फाईलीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, ते तुमचं आहे असं इथले शिपाई म्हणाले. मी ते सात केलंय." मग जरा थांबून तिनं विचारलं, "एक विचारायचं होतं. तो चपला उशाखाली का घेतो?"

मी सांगितलं. तिकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"अजून काही आहे का?" ती म्हणाली. "मला वेळ आहे."

मी खुर्ची ओढली आणि बसले.